गॅसिफायरच्या गॅसमध्ये कण नेमके किती? दोन चाचण्या, दोन आकडे

वाळपईकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं बैजवार सांगितल्याशिवाय कुणाला काही कळणार नाही, म्हणून वेळ काढून लिहितो.

वाळपईच्या आत आमचा काजूचा लहान कारखाना आहे. वडिलांनी चालू केलेला. आज २६ माणसं आहेत, त्यात २१ बायका. बी उकडायची, फोडायची, गर बोर्म्यात, म्हणजे सुकवायच्या भट्टीत, सुकवायचा, साल काढायची, निवडायचा. लाकडाचा धूर आणि डिझेलचा खर्च दोन्हीतून सुटायचं म्हणून ४ वर्षांपूर्वी डाउनड्राफ्ट गॅसिफायर बसवला, म्हणजे कमी हवेत इंधन तापवून त्याचा जळाऊ गॅस करणारं आणि तो गॅस खालून ओढणारं यंत्र. तासाला साधारण २५ किलो नारळाच्या करवंट्या लागतात. गॅस आधी सायक्लोनमधून जातो, तिथं गोल फिरून जड धूळ खाली डब्यात पडते, मग पाण्यानं गॅस धुणाऱ्या स्क्रबरमधून, मग लाकडाच्या भुशाचा फिल्टर, शेवटी कापडी फिल्टर. तिथून फाटा फुटतो. एक नळी बोर्म्याच्या बर्नरला, दुसरी जनरेटरच्या इंजिनाला.

३ वर्षं इंजिनानं कधी तक्रार केली नाही. यंदा एप्रिलपासून इनलेट व्हॉल्व्ह अडकायला लागले. हेड खोललं तर व्हॉल्व्हच्या दांड्यावर काळा थर. कोरडी काजळी असती तर फडक्यानं निघाली असती. हा थर नखानं खरवडला तर नखाखाली चिकटून बसला, साबणानं गेला नाही, रॉकेलनं गेला. ऑइलही १०० तासांच्या आतच काळं पडतंय.

ज्यांनी यंत्र बसवलं त्यांचा माणूस येऊन गॅस तपासून गेला. त्याचा कागद सांगतो, कण ४६ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. इंजिनाला ५० पर्यंत चालतात, तुमचं सगळं ठीक आहे, असं म्हणाला. माझं समाधान झालं नाही. ८ दिवसांनी पदरचे पैसे भरून बाहेरची प्रयोगशाळा बोलावली. त्यांचा कागद सांगतो ३९०. नळ तोच, कापडी फिल्टरच्या पुढचा. यंत्र तेच, चालवणारा माणूसही तोच. मग खरं कोण बोलतंय?

इंजिन दुरुस्त होईल, पैसे जातील तेवढे जातील. माझी खरी काळजी वेगळी आहे. सकाळी यंत्र पेटवताना पहिली १५-२० मिनिटं दाट पिवळट धूर येतो आणि वारा खालचा असला की तो सरळ फोडणीच्या, म्हणजे बी फोडायच्या, शेडमध्ये शिरतो. तिथं बायका ७ वाजल्यापासून बसलेल्या असतात. माझी थोरली वहिनी त्यांच्यातच बसते. तिला उन्हाळ्यापासून सुका खोकला लागलाय. धूर नको म्हणून हे यंत्र आणलं, आणि आता गॅसमध्येच इतके कण असतील तर मी त्यांना काय तोंड दाखवू? कुणाला या विषयातलं कळत असेल तर कृपा करून सांगा.

जुना फिटर, फोंडा

दादा, मी २२ वर्षं बॉयलर आणि गॅसिफायरवर काढली, त्यातली शेवटची ९ फक्त गॅसिफायरवर. तुमचे दोन्ही कागद खोटे असतीलच असं नाही. कण मोजणं हे दूध मापून घेण्यासारखं नसतं. कसं घेतलं, कुठून घेतलं, किती गरम असताना घेतलं, यावर आकडा ठरतो. कागदावर फक्त शेवटचा आकडा असेल आणि बाकी काहीच नसेल, तर त्या कागदावरून इंजिनाचा निवाडा करू नका.

पहिली गोष्ट, ओढण्याचा वेग. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडताना पाहिलंय ना? भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर पानं, गवत वळतं, पण जड लाकडाचा तुकडा आपल्या नादात सरळ जातो. नळीतल्या कणांचं तसंच. नमुना घ्यायची बारीक नळी प्रवाहाकडे तोंड करून ठेवली आणि नळीत ज्या वेगानं गॅस वाहतोय त्याच वेगानं आत ओढला, तरच जड-हलके कण त्यांच्या खऱ्या प्रमाणात आत येतात. जास्त जोरात ओढलं तर आजूबाजूचा गॅस आत वळतो, त्याच्याबरोबर हलके कण येतात आणि जड कण सरळ निघून जातात, म्हणून आकडा कमी दिसतो. हळू ओढलं तर उलट, आकडा फुगतो. याला आयसोकायनेटिक सॅम्पलिंग म्हणतात.

तुमचा हिशोब करून पाहिला. तासाला २५ किलो इंधनाचा साधारण ६० घनमीटर गॅस होतो. नळी ३ इंची असेल तर वेग सेकंदाला ४ मीटरच्या आसपास येतो. ६ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला ७ लिटरच ओढायला हवेत. बहुतेक पंप २० ओढतात. मग तोंड १० मिलिमीटरचं पाहिजे. हे कुणी बघितलं होतं का?

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तुमच्या नळावर या चुकीनं एवढा फरक पडणार नाही. सायक्लोन साधारण १० मायक्रॉनच्या वरचे कण धरतो, ५ च्या खाली त्याचा हात पोचत नाही. त्यातलं बरंचसं स्क्रबर, भुसा आणि कापड धरतं. कापड फाटलेलं नसेल तर पुढे जातात ते एक मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून बारीक कण. ते गॅसबरोबरच वळतात, कसंही ओढलं तरी येतात. सायक्लोनच्या आधी मोजताना मात्र हा वेग चुकला की सगळंच चुकलं.

मला संशय आहे तो डांबराचा, म्हणजे टारचा. तुम्ही जो चिकट थर लिहिलाय तो कणांचा नव्हे. टार गरम असताना वाफ असते. ३५० अंशांच्या खाली तिच्यातले जड भाग थेंब व्हायला लागतात. पहिल्या माणसानं लांब रबरी नळी लावली असेल तर टार आणि त्यात अडकलेली धूळ नळीच्या भिंतीला चिकटून राहिली, गाळणीपर्यंत पोचलीच नाही. दुसऱ्यांनी आखूड नळी आणि थंड गाळणी वापरली असेल तर टार गाळणीवर बसलं आणि त्यांनी ते कण म्हणून वजनात धरलं. रीतसर पद्धतीत नळी आणि गाळणी ३०० अंशांच्या वर तापवून ठेवतात, म्हणजे गाळणीवर फक्त घन कण थांबतात आणि टार पुढे थंड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बाटल्यांमध्ये उतरतं. युरोपात २००६ साली या पद्धतीचं मानक निघालं. इंजिनासाठी लोक धरतात ती मर्यादा दोन आकड्यांची आहे, कण ५० च्या खाली आणि टार १०० च्या खाली, दोन्ही मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर, म्हणजे शून्य अंशावर धरलेला घनमीटर. तुमच्या कागदावर दुसरा आकडाच नाही.

आता मला तीन गोष्टी सांगा. एप्रिलपासून इंधनात काही बदललं का? दोन्ही चाचण्यांच्या दिवशी काय जाळलं होतं? आणि इंजिनावर लोड किती होता?

वाळपईकर

काका, तुमचा पहिला प्रश्न वाचून मी थेट उठलो आणि इंधनाची वही काढली.

मार्चपासून करवंट्या महाग झाल्या. आमच्याकडे काजूची टरफलं ढिगानं पडलेली असतात, म्हणून ५ घमेल्यांत एक घमेलं टरफल मिसळायला लागलो. गॅस चांगला पेटायचा, ज्योत मोठी दिसायची, मला वाटलं फायदाच आहे. आणि चाचणीचं म्हणाल तर यंत्रवाला माणूस आला त्या दिवशी त्यानंच सांगितलं, आज फक्त कोरड्या करवंट्या घाला. प्रयोगशाळेवाले आले तेव्हा नेहमीचं मिश्रण होतं. हे मी आजवर एकत्र ठेवून पाहिलंच नव्हतं.

लोड दुपारी बरा असतो. सकाळी फक्त दिवे आणि पाण्याचा पंप, म्हणजे पाव लोडही नसेल.

रबरी नळी होती, २ मीटर तरी. दुसऱ्यांची आखूड होती, धातूची, पण तापवायची काही सोय दिसली नाही.

जुना फिटर, फोंडा

मग उत्तर तुमच्या वहीतच होतं.

काजूच्या टरफलात वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास तेल असतं. फोडताना बायकांच्या हाताला जो चीक पोळतो तोच. तापल्यावर त्यातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल कार्बन डायऑक्साइड सोडून कार्डानॉल बनतं, आणि ते फिनॉलच्या जातीचं, लांब शेपटीचं, जड. लाकूड तापवलं की त्याचा कोळसा आणि हलकी वाफ होते. टरफल तापवलं की तेलाची वाफ एकदम सुटते आणि यंत्राच्या घशाजवळच्या, म्हणजे आतल्या अरुंद भागातल्या, लालबुंद कोळशाला ती सगळी मोडायला वेळच मिळत नाही. तुम्हाला जी मोठी ज्योत दिसली ती या न मोडलेल्या तेलाची. बर्नरमध्ये ते जळून जातं, म्हणून बोर्म्याला फरक पडला नाही. इंजिनात मात्र व्हॉल्व्हवर जाऊन बसलं. तेल काढून घेतलेली टरफलाची पेंड बरी चालते, कच्चं टरफल नाही.

डाउनड्राफ्टचा सगळा अर्थच हा आहे की टारची वाफ तापलेल्या कोळशाच्या थरातून खाली ओढली जावी आणि मोडावी. वर ओढणाऱ्या गॅसिफायरमध्ये घनमीटरला ५० ग्रॅमपर्यंत टार येतं, ग्रॅम म्हणतोय, मिलिग्रॅम नव्हे. चांगल्या डाउनड्राफ्टमध्ये ते एका ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. दुसऱ्या महायुद्धात युरोपात पेट्रोल मिळेना तेव्हा लाखो गाड्या लाकडाच्या गॅसवर धावल्या, त्या याच घशाच्या रचनेवर. आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं वरून तोंड उघडं ठेवून दोन जागी हवा घेणारी रचना बसवली तीही याच कारणासाठी, की कोळशाचा तापलेला थर जाड आणि एकसारखा राहावा. लोड पाव झाला की हवा कमी खेचली जाते, तो थर निवतो, टार वाढतं. म्हणजे तुमची सकाळची पाव लोडची वेळ आणि टरफल, दोन्ही एकत्र आले.

रसायन, डिचोली

मी इथं बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. फिटरकाकांनी कारण बरोबर पकडलंय असं मलाही वाटतं, पण दादा, त्यांच्यावर किंवा माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा तुम्ही स्वतःच टार आणि कण वेगळे करून बघा. प्रयोगशाळेच्या तोडीचं होणार नाही, पण दोन इंधनांची तुलना करण्यापुरतं नक्की होईल.

काचेच्या धाग्याची गोल गाळणी आणा, ४७ मिलिमीटरची. साधा कागद नको. आपल्याकडे जुलैत कागद हवेतलं पाणी इतकं पितो की त्याचंच वजन कणांपेक्षा जास्त भरतं. गाळणी १०५ अंशांवर तासभर सुकवा, सिलिका जेलच्या बंद डब्यात थंड करा, मग वजन करा. तराजू ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा लागेल. तो जवळपासच्या कॉलेजात असतो, विनंती केली तर कुणी नाही म्हणणार नाही.

नळापासून गाळणीपर्यंतची नळी धातूची आणि वीतभरच ठेवा, वर हीटिंग टेप, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी, गुंडाळा. मिनिटाला २० लिटरनं अर्धा तास ओढलं की मीटरवर ६०० लिटर दिसतील. पण तो गॅस ३३ अंशांचा आहे. आकडे सांगतात ते शून्य अंशावरच्या घनमीटरला. म्हणून ०.६ ला २७३ नं गुणून ३०६ नं भागा, ०.५४ घनमीटर येतं. पुष्कळ लोक हा हिशोब करतच नाहीत आणि आकडा आपोआप दहा टक्के कमी दाखवतात.

मग गाळणी पुन्हा वजन करा. हे झालं टार आणि कण मिळून. आता ती गरम आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून धुवा, गाळून येणारं द्रव रंगहीन होईपर्यंत. टार विरघळून जातं, काजळी, कोळशाची भुकटी आणि राख मागे राहते. सुकवून परत वजन. कमी भरलं ते टार, उरले ते कण. अल्कोहोल पाण्याच्या भांड्यात ठेवूनच गरम करा, जवळ ज्योत नको.

रंगावरूनही बरंच कळतं. गाळणी कोरडी आणि काळी असेल तर काजळी, राखाडी असेल तर राख, पिवळी-तपकिरी आणि बोटाला चिकटणारी असेल तर टार.

एक गोष्ट हात जोडून सांगते. पंपातून बाहेर पडणारा गॅस खोलीत सोडू नका. त्यात सुमारे पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतं. नळी बाहेर उघड्यावर काढा, आणि एकट्यानं करू नका.

केरीची

मी काजूच्या कारखान्यातच १४ वर्षं फोडणीला होते, आता सालीवर बसते. तुम्ही सगळे इंजिनाचं लिहिताय म्हणून मी बायकांचं लिहिते.

दादा, तुमच्या वहिनीला खोकला सकाळच्या धुरानं असेल तर आज इंजिनाच्या आधी ते बघा. आमच्याकडे पूर्वी तसंच होतं. टरफलाच्या धुरानं डोळे चुरचुरायचे, पापण्या सुजायच्या, घसा आतून सोलल्यासारखा व्हायचा. ती नुसती धूळ नव्हती, त्या धुरावर चीक बसलेला असायचा. आमच्या मालकानं काही फार खर्च नाही केला. पेटवायची वेळ ७ ची ६ केली आणि बायकांना साडेसहाच्या आत शेडमध्ये येऊ द्यायचंच नाही असा नियम केला. आणि पेटवताना नुसता कोळसा घालायचा, करवंटी नंतर. कोळशानं धूर जवळजवळ येतच नाही.

दुसरं. सायक्लोनच्या खालचा डबा रोज कोण रिकामा करतं? आमच्याकडे एक मुलगी करायची, तोंडाला ओढणी बांधून. ती भुकटी इतकी बारीक की डबा उलटा केला की पाण्यासारखी वाहते आणि मग हवेत तरंगतच राहते, उन्हाच्या कवडशात दिसते. ओढणीतून ती सरळ आत जाते. भुकटीवर आधी पाणी शिंपडून मगच उपसायची, आणि बरा मास्क द्यायचा. राखेचं दार गरम असताना उघडायचं नाही. आमच्या इथं एकदा उघडलं आणि जो माणूस वाकला होता त्याला चक्कर येऊन तो तिथंच बसला. नशीब दोघं होते, ओढून बाहेर आणला.

तिसरं, स्क्रबरचं काळं पाणी कुठं जातं तेही लिहा.

वाळपईकर

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. डबा आमच्याकडे फोडणीतलीच एक बाई रिकामा करते. मी कधी बघायलाही गेलो नव्हतो. आजपासून ते काम पाणी शिंपडून, मास्क घालून, आणि ते मी स्वतः एक आठवडा केल्याशिवाय कुणाला सांगणार नाही. पेटवायची वेळ ६ केली. तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी कोळसा. काल सकाळी धूर ५ मिनिटांत पातळ झाला.

चाचणी केली. तराजू एका ओळखीच्या शिक्षकांनी वापरू दिला. पहिल्या दिवशी नेहमीचं मिश्रण, टरफलासकट. अर्ध्या तासानं गाळणी काढली तेव्हा वाटलं कुणी तिच्यावर पातळ गूळ ओतलाय. मध्ये गडद तपकिरी, कडेला पिवळं होत गेलेलं, आणि चिमट्याला धागा सुटत होता. वास तर फोडणीच्या शेडचाच. वजन ११८ मिलिग्रॅम वाढलं. धुतल्यावर ३१ उरलं. म्हणजे घनमीटरला कण ५७ आणि टार १६१.

दुसऱ्या दिवशी नुसत्या करवंट्या, चाळलेल्या, आणि दुपारच्या पूर्ण लोडवर. गाळणी कोरडी निघाली, उदबत्तीच्या राखेसारखी करडी-काळी. बोट लावलं तर बोट काळं झालं, चिकटलं नाही. वजन ३४ वाढलं, धुतल्यावर २२ उरलं. कण ४१, टार २२. यंत्रवाल्याच्या ४६ च्या अगदी जवळ! म्हणजे त्यानं खोटं सांगितलं नव्हतं, त्यानं त्याच्या दिवसाचं सांगितलं. पण मी तसा दिवस गेल्या तीन महिन्यांत एकदाही चालवला नव्हता, हे त्यानं विचारायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं.

काका, ३९० आणि माझे २१८ यात तरीही अंतर आहे. ते कशानं?

आणि ताई, काळं पाणी. खरं सांगतो, खालच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, जातं. ते आमचंच आहे, पण त्याच्या पलीकडे व्हाळ, म्हणजे ओढा, आहे.

जुना फिटर, फोंडा

तुमची मोजणी छान झाली. ३९० चा फरक लोडनं असेल. ते सकाळी आले होते का? पाव लोडवर टार वाढतं ते याच तऱ्हेनं. शिवाय तुमच्या टेपनं नळी किती तापली हे मोजलं नाहीत. थोडं टार नळीत राहिलं असणार, आणि अगदी हलकं टार गाळणीतून पुढेही निघून गेलं असणार. म्हणून टारचा तुमचा आकडा कमीत कमी समजा. तुलना मात्र पक्की आहे.

टरफल बंद करा, हे तर झालंच. पण ४१ हा ५० च्या काठावरचा आकडा आहे, तो खाली आणा. करवंट्या फोडल्यावर जो चुरा पडतो तो १० मिलिमीटरच्या चाळणीनं काढून टाका. चुऱ्यानं थर गच्च होतो, गॅस एकाच वाटेनं जोरात जातो आणि त्या वाटेतली कोळशाची भुकटी उचलून नेतो. कोळशाखालची जाळी एकदम जोरात हलवायची सवय असेल तर ती मोडा. दर अर्ध्या तासानं दोन हलके झटके पुरे. जोरात हलवलं की त्यानंतरची काही मिनिटं कणांचा आकडा अनेक पटींनी चढतो. करवंटीची राख टक्काभरही नसते हे तुमचं नशीब. भाताचा तूस असता तर वजनाचा पाचवा हिस्सा राखच.

ओलावा १५ टक्क्यांच्या खाली ठेवा. आता पावसात ताडपत्रीखालची करवंटी हाताला कोरडी लागते आणि आत ओली असते. बोर्म्याच्या धुराड्याची ऊब वाया जाते ना, तिथं एक जाळीचा मांडव करा आणि दुसऱ्या दिवसाचं इंधन आदल्या दिवशी त्यावर पसरा.

भुशाचा फिल्टर किती दिवसांनी बदलता? त्याच्या आधी-नंतर काचेची यू नळी लावा, पाणी भरून. नव्या भुशाला पाण्यातला फरक किती मिलिमीटर असतो ते भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. तो दुप्पट झाला की भुसा बदला. आणि एकदम कमी झाला तर आनंद मानू नका. भुशात वाट पडली किंवा कापड फाटलं, असं समजून ताबडतोब उघडून बघा.

रसायन, डिचोली

पाण्याबद्दल. स्क्रबरचं पाणी कुळागरात सोडणं आजच थांबवा, दादा. त्यात फिनॉल असतात, टरफल घातलेल्या महिन्यांत तर जास्तच. ते मातीतले जिवाणू मारतात आणि पाण्यात अगदी थोडे असले तरी माशांना घातक. व्हाळाचं पाणी शेवटी म्हादईलाच मिळतं. बंद टाकी करा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी कोळशाच्या आणि वाळूच्या थरातून गाळून पुन्हा स्क्रबरलाच फिरवा. तळाचा गाळ उन्हात वाळवून थोडा थोडा बर्नरच्या भट्टीत जाळता येतो, पण उरलेल्या पाण्याचं काय करायचं ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारूनच ठरवा. आपण होऊन जाऊन विचारलेलं चांगलं.

वाळपईकर

हो, प्रयोगशाळेवाले सकाळी ८ ला आले होते. काका, तुम्ही न बघता ओळखलंत.

टरफल बंद करून आज १९ दिवस झाले. टरफल आता तेल काढणाऱ्याला विकतोय, त्या पैशांतून करवंट्यांचा वाढीव खर्च पुरता नाही पण बराच निघतो. व्हॉल्व्ह साफ करून बसवलेत, त्यानंतर इंजिन १३० तास चाललं, अडकलं नाही. यू नळी लावली. नवा भुसा ३५ मिलिमीटर दाखवतो, भिंतीवर लिहिलंय. सकाळचे दिवे आणि पंप ९ पर्यंत विजेवर ठेवले, इंजिन त्यानंतरच, म्हणजे लोड निम्म्याच्या खाली जात नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवलाय, एक गॅसिफायरपाशी आणि एक शेडमध्ये.

वहिनीला डॉक्टरांकडे नेलं, फुप्फुसाची फुंकर तपासली, औषध चालू आहे. तिनं शेड सोडायला नकार दिला, म्हणून मीच तिची बसायची जागा वाऱ्याच्या वरच्या बाजूला हलवली.

टाकीसाठी गवंडी सोमवारी येतोय. तोवर पाणी दोन पिंपांत साठवतोय. केरीच्या ताईंना एक विचारायचं होतं. पेटवतानाचा गॅस जाळायची जी फ्लेअरची नळी आहे ती आमची छपराच्या पातळीलाच संपते. तुमच्याकडे किती उंच होती?

केरीची

छपराच्या कोन्यावरून आणखी दोन पुरुष उंच. आणि तिच्या तोंडाशी एक लहान पेटती वात कायम ठेवायचे, म्हणजे गॅस धरला की लगेच पेटायचा, नुसता धूर होऊन खाली उतरायचा नाही. पावसाळ्यात ती वात विझते, म्हणून वर पत्र्याची टोपी होती. टोपी तोंडापासून वीतभर वर ठेवा, अगदी जवळ ठेवलीत तर धूर तिला आपटून परत खाली येतो. नळी बसवली की एकदा पेटवून बघताना तुम्ही स्वतः फोडणीच्या शेडमध्ये, वहिनींच्या जुन्या जागेवर जाऊन बसा.